पिवळसर बेज भिंती अंगावर येतात तेव्हा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दिवाणखान्याला उबदार पिवळसर बेज रंग दिला. शेड कार्डावर तो मऊ, शांत दिसत होता. चारही भिंतींना दोन हात मारून झाल्यावर मात्र सगळी खोलीच पिवळी दिसायला लागली, रात्री दिवे लागले की जास्तच. आधी बरा दिसणारा करडा सोफा आता निळसर-जांभळट वाटतो आणि पांढरंशुभ्र छत दुसऱ्याच घरातून आणून बसवल्यासारखं दिसतं. आता पुन्हा रंग द्यावा, की पडदे-गालिचा बदलून भागेल? आणि एक भिंत गडद निळी केली तर पिवळेपणा मोडेल का?

घरसजावटीच्या कामात मला वीसेक वर्षं झाली. या रंगाबद्दलच्या तक्रारी जवळजवळ याच शब्दांत येतात, म्हणून आधी धीर देते. शेड चुकलीही असेल, पण ते आज ठरवू नका. तुमच्या वर्णनात भिंत, दिवे, छत आणि सोफा अशा चार गोष्टी आहेत आणि सगळा दोष भिंतीच्या माथी मारलाय. भिंतीला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. निळ्या भिंतीचं उत्तर मात्र आत्ताच देते: नको. कारण पुढे येईल.

आधी कार्डाचं. कार्डाने तुम्हाला फसवलं नाही, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. कार्डावरच्या चौकोनावर एकदाच प्रकाश पडतो आणि थेट तुमच्या डोळ्यांत येतो. खोलीत तो समोरच्या भिंतीवर आपटतो, तिथून शेजारच्या भिंतीवर जातो, मग छतावर, असं करत करत तुमच्यापर्यंत पोचतो. हिशोब सोपा आहे. समजा तुमचा रंग लाल-पिवळ्या बाजूचा प्रकाश 75 टक्के परत फेकतो आणि निळा 55 टक्के. एका धडकेनंतर हे प्रमाण 75 ला 55. दुसऱ्या धडकेनंतर साधारण 56 ला 30. तिसऱ्या धडकेला 42 ला 17. म्हणजे दर धडकेला निळा गळत जातो आणि उरलेला प्रकाश आणखी पिवळा होत जातो. कार्डावरची शेड खोलीत एखाद-दुसरी पायरी गडद आणि भडक वाटते ती यामुळे. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की हे फारच जाणवतं.

आज संध्याकाळी एक करून बघा. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यापाशी उभे राहा आणि हळूहळू नजर भिंतीच्या मध्यापर्यंत न्या. कोपऱ्यात तोच रंग मोहरीच्या फुलांकडे झुकलेला दिसेल आणि खिडकीजवळ जवळजवळ ऑफ-व्हाइट. डबा एक, रंगारी एक, हातही तेवढेच. मग एका पांढऱ्या कागदाला मध्ये रुपयाएवढं भोक पाडा, कागद भिंतीवर टेकवा आणि भोकातून फक्त रंग बघा. बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं, कारण आजूबाजूच्या पसाऱ्यातून सुटा काढला की रंग बऱ्यापैकी सभ्य असतो. भोकातूनही तो भडक पिवळाच दिसला, तर शेड खरंच चुकलीय. तसं असेल तर काय करायचं ते शेवटाकडे सांगते.

आता दिवे. रात्री जास्त पिवळं दिसतं म्हणालात, तेव्हा पहिला संशय इथेच. बल्बच्या खोक्यावर बहुधा केल्विनचा आकडा असतो, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं तापमान. 2700 म्हणजे पिवळट उबदार, 3000 त्याहून किंचित स्वच्छ, 4000 तटस्थ पांढरा आणि 6500 निळसर पांढरा. पिवळसर बेज खोलीत माझी पसंती 3000 ला. 2700 चे दिवे थेट भिंतीवर मारले तर उबदार रंगावर उबदार प्रकाश चढतो आणि खोली गुदमरते. म्हणून लोक उलट टोकाला जाऊन 6500 लावतात. त्याने पिवळा जातो, पण त्या जागी आजारी, हिरवट-राखी काहीतरी येतं. सगळ्यांत वाईट म्हणजे मिश्रण: छतात 6500 ची पट्टी, कोपऱ्यात 2700 चा उभा दिवा. डोळा एका प्रकाशाला सरावतो, पण एकाच वेळी दोघांना सरावू शकत नाही. मग उबदार दिव्याजवळची भिंत नारिंगी दिसते, गार पट्टीखालची मळकी, आणि आपण म्हणतो रंग नीट लागला नाही.

खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो. त्या प्रकाशात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात ते तो सांगतो, कमाल 100. साधे एलईडी बहुधा 80 च्या आसपास असतात. या दिव्यांच्या प्रकाशात पिवळा भरपूर आणि खोल लाल कमी असतो, त्यामुळे लाकूड आणि माणसांची कातडी निस्तेज होते आणि पिवळी भिंत तेवढी पुढे येते. 90 किंवा जास्तीचे दिवे घ्या. शक्य असेल तिथे दिव्याचं तोंड भिंतीवरून काढून जमिनीकडे, टेबलाकडे, चित्राकडे वळवा. भिंतीवर प्रकाश ओतला की भिंतच खोलीतला सगळ्यांत मोठा दिवा होऊन बसते. दिव्यांवरच्या जुन्या कापडी शेडही तपासा. आतून पिवळ्या पडलेल्या शेडमधून कुठलाही बल्ब पिवळाच दिसतो.

दिवे बदलल्यावर निदान आठ-दहा दिवस काही करू नका. नव्या प्रकाशाला डोळ्यांनाही थोडा वेळ लागतो.

दिवसाचा प्रकाश मात्र तुमच्या हातात नाही. म्हणूनच या बाबतीत कुणीही छातीठोक सांगायला लागलं तर सावध व्हा. खोलीत थेट ऊन येत असेल तर सकाळ-संध्याकाळ ते स्वतःच सोनेरी असतं आणि हा रंग उन्हात पेटल्यासारखा दिसणार. ऊन न येणाऱ्या खोलीत फक्त आकाशाचा निळसर उजेड असतो. तिथे पिवळसर बेज थंड पडतो, कधीकधी हिरवट होतो. या हिरवट झाकेचं मूळ डब्यात आहे. असे बेज बहुधा पांढऱ्या बेसमध्ये यलो ऑक्साइड, थोडा काळा आणि किंचित रेड ऑक्साइड घालून बनतात. यलो ऑक्साइड म्हणजे आपली पिवडीच, फक्त कारखान्यात बनवलेली. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी रंग तयार होतो, हे शाळेत रंगपेटी हाताळलेल्या प्रत्येकाला आठवेल. शेडमध्ये काळा जास्त आणि लाल कमी असेल तर मंद उजेडात तो शेवाळीपणा वर येतो.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात असाच बेज दिला होता आणि खोली हिरवी दिसत होती. मी शहाणपणा करून शेडमध्ये लाल वाढवून घेतला आणि भिंतींना आणखी एक हात मारून घेतला. खोली सुरेख दिसू लागली आणि मीही खूश. काही महिन्यांनी घरमालकीणबाईंचा फोन आला, "अहो, भिंती गुलाबी झाल्यात." जाऊन बघते तर खरंच गुलाबी, आणि खिडकीबाहेरचं भलंमोठं झाड पानं गाळून उघडं उभं! पहिल्यांदा हिरवं दिसत होतं ते भिंतीवर पडलेलं पानांचं प्रतिबिंब होतं. खर्च अर्थातच मी सोसला. तेव्हापासून मी भिंतीकडे बघायच्या आधी खिडकीतून बाहेर बघते. समोर विटांची भिंत असेल तर झाक लालसर येते, गच्च झाडी असेल तर हिरवी.

आता छत. माझ्या मते तुमच्या खोलीतला खरा गुन्हेगार हाच. बाजारातला झगझगीत पांढरा निळ्याकडे झुकलेला असतो आणि निळा ही पिवळ्याची विरुद्ध बाजू. दोघांना एका रेघेवर चिकटवलं की दोघंही आपापल्या टोकाला पळतात: छत बर्फासारखं गार दिसतं आणि भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी. बेज मळका वाटतोय अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पांढरा कुठला आहे ते बघते. छताला भिंतीच्याच शेडचा पाव हिस्सा रंगद्रव्य घातलेला पांढरा द्या. मशीनवर शेड बनवून देणारे दुकानदार मूळ सूत्राच्या चौथाईने तो बनवून देतात. तसं जमत नसेल तर पिवळ्याकडे किंचित झुकलेला कुठलाही ऑफ-व्हाइट घ्या. फक्त गुलाबी झाकेचा घेऊ नका. छत एका दिवसाचं काम आहे, भिंतींच्या मानाने खर्चही थोडा, आणि फरक एवढा पडतो की पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते.

दारं-खिडक्यांच्या चौकटींनाही हेच लागू, पण तिथे एक बारकावा आहे. ऑइलपेंटचा पांढरा काळाबरोबर पिवळा पडतो, आणि गंमत म्हणजे उजेडात कमी, अंधाऱ्या कोपऱ्यात जास्त. दाराआड किंवा कपाटामागे बघितलंत तर लक्षात येईल. चौकटी जुन्या ऑइलपेंटच्या असतील तर छताचा पांढरा त्यांच्याशी जुळवा, किंवा त्याच वेळी चौकटींना पाण्यात मिसळणारा इनॅमल देऊन टाका.

सोफ्याबद्दल. तो जांभळट दिसतो हा तुमचा भास नाही, आणि सोफ्याचा दोषही नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात मिशेल-युजीन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. विणकरांची तक्रार होती की काळा धागा नीट रंगत नाही, फिका दिसतो. शेव्हरल यांनी रंग तपासला तर तो चोख निघाला. काळा फिका पडत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, हा नियम त्यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडला. पिवळ्याची विरुद्ध दिशा निळी-जांभळी, आणि करड्याला स्वतःचं मत नसतं. तो ढकलला जातो.

म्हणून सोफा विकू नका, त्याला भिंतीपासून तोडा. सोफ्याच्या पाठीवर उबदार रंगाची शाल किंवा चादर टाका, म्हणजे करडा आणि पिवळा यांची थेट रेघ मोडेल. खाली असा गालिचा टाका ज्यात बेज आणि करडा दोन्ही आहेत. असा दुभाष्या असला की दोघांचं जमतं. उशांना विटकरी, गंजका, ऑलिव्ह किंवा मातकट हिरवा रंग चालेल. या सगळ्यांत थोडा पिवळा असतोच, म्हणून ते भिंतीला ओळखीचे वाटतात. फिकट गुलाबी, लव्हेंडर आणि चंदेरी करडा मात्र या खोलीत आणू नका. ते एरवी गोड दिसले तरी इथे बिथरतात.

फरशीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ते महत्त्वाचं आहे. बेज सगळे एक नसतात. काही पिवळ्याकडे झुकतात, काही गुलाबीकडे, काही हिरव्याकडे. फरशी गुलाबी झाकेची बेज असेल आणि भिंत पिवळ्या झाकेची, तर फरशी कातडीच्या रंगाची दिसते आणि भिंत काविळीची. दोन्ही बेज म्हणून जुळतील असं समजून लोक इथे फसतात. लाल आणि हिरवा एवढे भांडत नाहीत, जेवढे दोन जवळजवळ सारखे बेज भांडतात. झाक ओळखायला पांढरा कागद फरशीवर ठेवा. कागदाशेजारी ती लगेच स्वतःचा खरा रंग दाखवते. गुलाबी निघाली तर मोठा गालिचा टाका आणि भिंतीच्या पायथ्याला गडद तपकिरी स्कर्टिंग घ्या, म्हणजे दोघं एकमेकांना थेट भिडणार नाहीत.

आता निळी भिंत. हेतू तुमचा बरोबर आहे, खोलीला गडदपणा हवाय. पण गडद निळी भिंत उरलेल्या तीन भिंतींना शेव्हरलच्या नियमाने आणखी पिवळं करेल. ज्या दुखण्यावर औषध शोधताय तेच वाढेल. या रंगाच्या खोल्या फसतात त्या बहुधा एकाच कारणाने: सगळं मधल्या उजळपणाचं असतं. भिंत फिकट, पडदे फिकट, मधाळ पिवळ्या लाकडाचं फर्निचर, त्यावर क्रीम गाद्या. खोलीत काहीच गडद नसलं की नजर कुठे टेकत नाही आणि सगळं मिळून एक पिवळं धुकं होतं. त्यात चार-पाच ठिकाणी काळ्याची किंवा जवळजवळ काळ्याची रेघ ओढा: चित्राची बारीक काळी चौकट, पडद्याचा काळपट दांडा, दिव्याचा लोखंडी पाय, अक्रोडाच्या गडद लाकडाचं एखादं स्टूल. तेवढ्यानेही तीच भिंत शांत होऊन मागे सरकते. निळा आवडतच असेल तर तो राखी मिसळलेला, मळका निळा घ्या आणि उशी, फुलदाणी, चित्र एवढ्यावर ठेवा. थेंबभर निळा या रंगाला खुलवतो. भिंतभर दिलात तर भांडण ठरलेलं.

पडदे झगझगीत पांढरे असतील तर बदला, पण भिंतीच्याच रंगाचे मात्र करू नका. कच्च्या, न रंगवलेल्या सुती किंवा लिननच्या कापडाचा जो रंग असतो तो इथे उत्तम बसतो. बेज हा शब्दच मुळी फ्रेंचमध्ये न रंगवलेल्या लोकरीसाठी वापरला जायचा, त्यामुळे कच्ची लोकर, ताग, वेत, कोरी माती ही त्याची सख्खी भावंडं. एवढा साधा रंग असताना खोलीत पोत हवा, नाहीतर ती हॉटेलच्या प्रतीक्षागृहासारखी दिसते. सगळंच गुळगुळीत आणि चकचकीत करू नका. भिंतीचा रंगही शक्यतो मॅट असू द्या. चमक असलेल्या रंगात खिडकीचा उजेड ठिकठिकाणी लकाकतो आणि पुट्टीचे उंचवटेही दिसतात.

भाड्याचं घर असेल आणि छताला हात लावता येत नसेल तर दिवे, गालिचा आणि काळ्या रेघा एवढ्यावरच थांबा. निम्म्याहून जास्त काम तेवढ्यात होतं.

आणि हे सगळं करूनही, कागदाच्या भोकातून बघितल्यावरही, भिंत पिवळीच वाटली तर? मग रंग बदला, पण घाबरून एकदम करड्यावर उडी मारू नका. त्याच कुटुंबातली जास्त धूसर शेड घ्या. तुम्हाला नडतोय तो फिकेपणा-गडदपणा नाही, पिवळ्याचा जोर नडतोय. दुकानात "थोडा फिकट द्या" म्हणालात तर ते पांढरा वाढवतील आणि फिकट पण तितकाच पिवळा रंग घरी येईल. "उजळपणा हाच ठेवा, पिवळा कमी करा" असं सांगा. बऱ्याच कंपन्या शेडबरोबर एलआरव्ही देतात, म्हणजे भिंत किती प्रकाश परत फेकते त्याचा आकडा. काळ्याचा शून्य, आदर्श पांढऱ्याचा 100. अशा बेजचा बहुधा 55 ते 70 च्या दरम्यान असतो. नव्या शेडचा आकडा जुन्याच्या जवळपास ठेवा, म्हणजे खोलीचा उजेड बदलणार नाही.

नमुना भिंतीवर मारू नका. भोवतालचा जुना पिवळा त्याला खोटं बोलायला लावतो. साधारण दोन फूट लांब-रुंद जाड पुठ्ठ्याला प्राइमर देऊन दोन हात मारा, कडेला चार बोटं पांढरी जागा सोडा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना वेगळं दिसतं आणि वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. मग पुठ्ठा खोलीत फिरवा: खिडकीसमोर, खिडकीच्या भिंतीवर, सोफ्यामागे, आणि कोपऱ्यात पुस्तकासारखा दुमडून. सकाळी, चार वाजता, दिवे लागल्यावर. कोपऱ्यात रात्री जो रंग सहन होतो तो घ्या, तिथेच तो सगळ्यांत जास्त पिवळा दिसतो.

तर क्रम असा: आधी दिवे एकाच तापमानाचे, मग छताचा पांढरा, मग सोफा आणि भिंत यांच्यामध्ये काहीतरी, मग गडद रेघा. भिंत शेवटी. फरशीचा आणि खिडकीच्या दिशेचा फोटो, तोही दुपारी दिवे बंद ठेवून काढलेला, पाठवलात तर झाकेबद्दल आणखी नेमकं सांगता येईल. आत्ताच्या डब्यात उरलेला रंग फेकू नका. झाकण घट्ट लावून वर शेडचा क्रमांक लिहून ठेवा. छतासाठी पाव हिस्स्याचा पांढरा बनवून घेताना तो क्रमांक लागणार आहे.